‘कंपनीत’, ‘साइटवर’ आणि ‘कंत्राटदाराकडे’

उरण, पेण, अलिबाग या भागांत विवाहाची बोलणी सुरू झाली, की मुलाच्या नोकरीविषयी एक प्रश्न बहुधा येतोच : “कंपनीत आहे, की कंत्राटदाराकडे?” मोठ्या अभियांत्रिकी कंपनीसाठी काम करणे म्हणजे काय, याचा उलगडा या प्रश्नातील प्रत्ययांवरून बराचसा होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदाहरणादाखल शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू घेऊ. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याच्या स्थापत्यकामाचे तीन भाग होते. त्यांपैकी एक लार्सन अँड टुब्रोने जपानी कंपनी आयएचआय हिच्यासह केला व चिर्ल्याकडील भाग स्वतंत्रपणे केला. उरलेला भाग देवू व टाटा प्रोजेक्ट्स यांनी मिळून केला. थळ येथील खत कारखाना १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला, तो आजही त्याच जागी उभा आहे. पूल बांधणाऱ्या कंपनीचे तसे नाही. पूल पुरा झाला, की तिची तेथील ‘साइट’ संपते.

आता प्रत्यय पाहू. ‘कंपनीत’ यातील ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय अंतर्भाव दाखवितो. ‘तो कंपनीत लागला’ असे आपण म्हणतो. होडी किनाऱ्याला लागते, तेव्हाही हेच क्रियापद योजितो. भटकंती संपून आधार मिळाला, ही छटा दोहोंत समान आहे. ‘साइटवर’ यातील ‘वर’ केवळ तात्पुरते स्थान सांगतो. ‘कंत्राटदाराकडे’ यातील ‘कडे’ संस्थेशी नव्हे, तर व्यक्तीशी असलेला संबंध दर्शवितो. पैसा जसा कोणाकडे असतो, तसा येथे मनुष्य कोणाकडे तरी असतो.

कंपनीचा अभियंता व कंत्राटी वेल्डर एकाच खांबाजवळ उभे असतात आणि दोघेही ‘मी साइटवर आहे’ असेच म्हणतात. भेद पूल संपल्यावर उघड होतो. अभियंत्याचा ‘वर’ गेला, तरी ‘त’ उरतो; त्याची बदली दुसऱ्या साइटवर होते. तीत घरापासून दूर राहणे, मुलांची शाळा बदलणे हे क्लेश असतात. परंतु पगार खंडित होत नाही. वेल्डरपाशी मात्र ‘कडे’ तेवढा उरतो, आणि कंत्राटदारास नवे काम न मिळाल्यास तोही नाहीसा होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. कंत्राटी कामगारही ‘मी कंपनीत काम करतो’ असे म्हणतोच. हे खरे आहे. परंतु त्या वाक्यात ‘त’ स्थलवाचक आहे, अंतर्भाववाचक नाही. म्हणूनच वधूपक्ष पुन्हा विचारतो.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. सेतू बांधविणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दृष्टीने या मोठ्या कंपन्या स्वतःच कंत्राटदार होत. तथापि बोलीत त्यांना कोणी कंत्राटदार म्हणत नाही. तो शब्द खालच्या पायरीसाठीच राखून ठेविलेला आहे. कंत्राटी कामगारांविषयी १९७० साली स्वतंत्र कायदा झाला व पुढे तो विषय २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला. कायद्याने कामगारांचे जे वर्ग पाडले, ते लोकभाषेने दोन लहानशा प्रत्ययांत पक्के करून ठेविले आहेत. मुलीच्या बापाला व्याकरण ठाऊक नसेल. पण कोणत्या प्रत्ययावर संसार उभा राहतो, हे तो अचूक जाणतो.