उटणं कोरडं, जेल ताजं: घरच्या घरी बॉडी स्क्रब

नरक चतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरांत उटण्याचा डबा निघतो आणि मग वर्षभर फडताळात मागे जाऊन बसतो. उरलेले दिवस न्हाणीघरात असते ती स्क्रबची ट्यूब. पारदर्शक जेल, त्यात रंगीत कण. गंमत म्हणजे दोन्हींचं काम एकच आहे, अंगावरची मेलेली त्वचा हलक्या हाताने काढणं. मग ट्यूबमधला सुळसुळीतपणा आणि डब्यातला सुगंध एकत्र का करू नये? गेली काही वर्षं मी इंदूरच्या आमच्या घरी तेच करते. मंडळाच्या हळदीकुंकवाला दोघी-तिघी सुनांनी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी कृती विचारली, म्हणून इथे सविस्तर लिहिते. घासताना कुठे थांबायचं, तेही त्यात आलंच.

स्क्रबने नेमकं काय होतं?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अंगाच्या बहुतेक भागांवर तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाइतका पातळ असतो. खालून नव्या पेशी तयार होऊन वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांत जुन्या गळून पडतात. थंडीत, आणि वय वाढतं तसं, हे गळणं जरा रेंगाळतं. मग पोटऱ्यांवर पांढुरके खवले दिसतात, कोपर-ढोपर हाताला खरखरीत लागतात. स्क्रबने आपण गळायला आलेल्या या पेशींना थोडा हात लावतो, एवढंच. सगळा थर काढायचा नसतो. आतला ओलावा धरून ठेवणारा आणि बाहेरचे जंतू अडवणारा तोच आहे. आंघोळीनंतर अंग चुरचुरलं किंवा लाल झालं, तर जास्त घासलं गेलं असं समजावं.

आजीच्या अभ्यंगाची रीत आठवून बघा. आधी तेल, ते अंगात जिरेपर्यंत थांबायचं, मग उटणं. कोरड्या अंगावर उटणं कुणी चोळत नसे. तेलाच्या थरामुळे पिठाचे कण त्वचेवरून घसरतात, ओरखडे काढत नाहीत. जेल स्क्रबमध्ये तेलाचं हे काम जेल करतं, आणि आंघोळीनंतर अंग तेलकटही राहत नाही. सकाळी ऑफिस गाठायचं असेल त्यांना हे सोयीचं.

जेल कशाचं?

माझं जेल जवसाचं असतं. घरात आपण जवस किंवा अळशी म्हणतो. दुकानात मागताना इंदूर-ग्वाल्हेरला अलसी म्हणा, वडोदऱ्याला अळसी, बेळगावला कन्नड दुकानदाराकडे अगसे आणि हैदराबादला अविसे गिंजलु. पाव किलो आणले तर कितीतरी दिवस पुरतात. जवसाच्या दाण्याच्या सालीत चिकट द्रव्य असतं, ते गरम पाण्यात फुगून सुटं होतं. त्याचंच हे जेल. ना रंग, ना वेगळं रसायन.

जेलचं साहित्य: जवस 2 मोठे चमचे (साधारण 20 ग्रॅम), पाणी दीड कप.

कृती: जवस निवडून, चाळून घ्या. धुवू नका, धुताना चिकटपणा निघून जातो. पातेल्यात पाणी आणि जवस एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा आणि सतत ढवळा. सात-आठ मिनिटांत पाणी दाटसर होतं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडू लागली की गॅस बंद करा. इथे रेंगाळू नका, कारण गार होताना ते आणखी दाट होतं आणि मग काही केल्या गाळलं जात नाही. गरम असतानाच स्टीलच्या गाळणीतून किंवा जुन्या मलमलच्या फडक्यातून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत गाळा. उरलेले दाणे टाकू नका, पोळीच्या कणकेत मळून टाका.

कुंडीत कोरफड असेल तर तिचा गरही चालतो. पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून त्यातला पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्या चिकाने बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते.

कण कशाचे?

कोरडं मिश्रण: मसूर डाळ 1 वाटी, आंबेहळद पूड 1 चमचा, नागरमोथा पूड 1 चमचा, वाळा पूड 1 चमचा, कापूरकाचरी पूड 1 चमचा. आमच्याकडे सियागंजात या सगळ्या वस्तू मिळतात. तुमच्या गावात काष्ठौषधींचं किंवा पंसारीचं दुकान असेलच.

मसूर कढईत मंद आचेवर नुसती कोमट करा. भाजायची नाही, दमटपणा घालवायचा आहे. गार झाली की मिक्सरमधून काढा आणि पिठाच्या बारीक चाळणीने चाळा. वर राहिलेला रवा पुन्हा फिरवा. दोन बोटांत चोळून बघताना टोचता कामा नये. बाकीच्या पुडी मिसळून डबा घट्ट लावून ठेवा. ओला चमचा लागला नाही तर हे मिश्रण दोन-तीन महिने छान राहतं.

आंघोळीच्या वेळी एका वाटीत 2 मोठे चमचे जेल, 1 मोठा चमचा कोरडं मिश्रण आणि तिळाच्या तेलाचे चार-पाच थेंब कालवा. गोव्याच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत तेल वगळलंत तरी चालेल. अंग आधी कोमट पाण्याने ओलं करा. मग तळहाताने, बोटं न रोवता, गोल फिरवत लावा. एका जागी अर्धा मिनिट पुरे. धुतल्यावर अंग टिपून, दमट असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. चेहऱ्याची त्वचा नाजूक असते, तिथे हे वापरू नका. लहान मुलांना तर याची गरजच नसते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. जेलमुळे न्हाणीघराची फरशी भयंकर निसरडी होते. घरात आजी-आजोबा असतील तर लगेच गरम पाण्याने धुऊन टाका. आणि मोरीच्या तोंडाशी जाळी ठेवा, नाहीतर पीठ साचून पाणी तुंबतं.

दोन बरण्या वेगळ्या का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: एकदम मोठी बरणी कालवून ठेवली तर? नको. पाणी आणि डाळीचं पीठ एकत्र झालं की आपण जंतूंना जेवायचं ताट वाढतो. डोशाचं पीठ रात्रभरात कसं फसफसतं, ते आठवा. उटणं शतकानुशतकं कोरडंच साठवलं गेलं आणि वापरताना भिजवलं गेलं, त्यात हे शहाणपण आहे. दुकानातलं जेल महिनोन्महिने टिकतं, कारण त्यात परिरक्षक असतात आणि ते मोजून-मापून घातलेले असतात.

‘व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घाला, टिकेल’ असं व्हिडिओंमध्ये सांगतात. व्हिटॅमिन ई मुळे तेल खवट होणं लांबतं. बुरशी आणि जंतू त्याने थांबत नाहीत. कडुलिंबाची पानं किंवा सुगंधी तेलाचे चार थेंब यांच्या भरवशावरही राहू नका. नुसतं जेल फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस ठेवावं, बरणीवर तारीख लिहावी. आंबूस वास आला, जेल पाण्यासारखं पातळ झालं किंवा रंग बदलला की सरळ टाकून द्यावं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी एक-एक वडी काढा. पहिल्यांदा वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून, धुऊन, एक दिवस वाट बघा. घरचं आहे म्हणून ते सगळ्यांना मानवेलच असं नाही. हळदीचीही ॲलर्जी असू शकते.

काय घालू नये?

लिंबाचा रस नको. तो अंगावर राहिला आणि ऊन लागलं, तर काही जणांना फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. खायचा सोडा नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोड्याने ते बिघडतं. अक्रोडाच्या कवचाची घरी कुटलेली पूड नको, तिच्या कणांना धार असते. साखर चालते, मात्र ती जेलमध्ये हळूहळू विरघळते, म्हणून ऐनवेळी बारीक करून घाला. केस काढल्यावर दोन दिवस कोणताच स्क्रब नको. पुरळ, इसब, जखम, उन्हाने भाजलेली कातडी यांवरही नको.

दुकानातल्या स्क्रबमध्ये वर्षानुवर्षं कणांच्या जागी प्लॅस्टिकचे बारीक मणी वापरले गेले. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातूनही ते काही प्रमाणात निसटतात, म्हणून अमेरिकेने 2015 मध्ये धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत ते वापरण्याविरुद्ध कायदा केला. आमच्या इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, आणि शहराचं पाणी वाहून नेणारी खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. वाटीतलं मसुरीचं पीठ नदीत पोचेपर्यंत कुजून संपतं, प्लॅस्टिकचा मणी तसा संपत नाही. ट्यूबच घ्यायची असेल तर मागची घटकसूची वाचा आणि पॉलिएथिलीन दिसलं तर ती परत ठेवा.

रंग घासून जात नाही

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. लग्न ठरलं की घरात मुलीच्या रंगाची चर्चा सुरू होते. माझ्या भाचीच्या वेळीही झाली. कुणीतरी सहज म्हणालं, ‘मानेचं जरा बघ गं, हारात उठून दिसेल.’ झालं. रोज दोन वेळा लूफा आणि साखर. पंधरा दिवसांत मानेवर सालपटं निघाली आणि ती आधीपेक्षा गडद झाली. माझ्याकडे आली तेव्हा पदर घट्ट धरून बसली होती. म्हणाली, ‘मावशी, एवढं घासते तरी मळ निघत नाही.’

तो मळ नव्हताच. त्वचारोगतज्ज्ञांनी मानेची ती जाडसर, मखमलीसारखी लागणारी त्वचा बघितली आणि आधी रक्तातली साखर तपासायला सांगितली. मान आणि काखा अशा काळवंडणं हे शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. तिची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. उपाय होता आहार, चालणं, औषध, आणि घासणं बंद.

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला हे विशेष लागू पडतं. त्वचा दुखावली की ती बरी होताना जास्त रंगद्रव्य तयार करते. नायलॉनच्या घासणीने किंवा खरबरीत पंचाने वर्षानुवर्षं अंग घासणाऱ्यांच्या खांद्यांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर काळसर पट्टे दिसतात, ते याचमुळे. उजळायला म्हणून घासावं आणि त्वचेने उलट काळवंडावं. कोणताही स्क्रब, घरचा असो वा महागातला, जन्मजात रंग बदलत नाही. तो फक्त खरखर घालवतो.

म्हणून घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. मुलीच्या हातात स्क्रबची वाटी द्यायचीच तर मऊ वाटावं, छान वाटावं म्हणून द्या. ‘उजळशील’ म्हणून देऊ नका. आणि मुलींनो, मान, काखा अशा बदललेल्या दिसल्या तर स्क्रब बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

यंदा दिवाळीआधीच्या रविवारी मसूर दळून ठेवा. जेल आदल्या संध्याकाळी करा. मुलांना ढवळायला बसवा, पाण्याला तार सुटताना बघायला त्यांना फार मजा येते. बरणीवर तारीख मात्र आठवणीने लिहा.