रयतेपासून नागरिकापर्यंत

म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे एक गाव आहे. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे आणि आसपासच्या शेतांत तंबाखूचे पीक मोठ्या प्रमाणावर निघते. डोंगर, त्यावरील महादेव आणि पायथ्याची शेतकरी वस्ती हे चित्र महाराष्ट्रातील वाचकाच्याही चांगले परिचयाचे आहे. तथापि या गावाचा उल्लेख येथे एका वेगळ्या कारणासाठी करावयाचा आहे. ज्या जुन्या म्हैसूर संस्थानात हे गाव मोडत असे, तेथे सामान्य माणसाचा आवाज राजदरबारापर्यंत कसा पोहोचला आणि पुढे तोच आवाज कायद्याने त्याच्या स्वाधीन कसा झाला, याची कथा आपणा सर्वांना उपयोगी पडण्यासारखी आहे.

पन्नास वर्षे इंग्रज कमिशनरांच्या अमलाखाली राहिल्यावर २५ मार्च १८८१ रोजी म्हैसूरचा कारभार महाराजा दहावे चामराजेंद्र वोडेयर यांच्याकडे परत आला. त्याच वर्षी दिवाण सी. व्ही. रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी तिची पहिली बैठक भरली. सभासद १४४ होते. संस्थानी हिंदुस्थानात अशा प्रकारची ही पहिलीच सभा. तालुक्यांतून प्रतिष्ठित जमीनदार आणि जिल्ह्यांतून प्रमुख व्यापारी निवडून घेतले जात. दिवाणांनी वर्षाचा अहवाल सांगावा आणि सभासदांनी आपल्या भागाची गाऱ्हाणी मांडावीत, असा परिपाठ होता. ठराव संमत करून सरकारला बांधून टाकण्याचा अधिकार सभेला नव्हता. राजाने ऐकून घेतले, यातच त्या काळी समाधान होते. आणि त्या काळाच्या मानाने ते थोडेही नव्हते.

तरीपण विचार करा. बेट्टदपुरासारख्या गावात राबणाऱ्या कुळाला, मजुराला किंवा घरातील स्त्रीला त्या १४४ जणांत जागा कोठून मिळणार? त्यांच्या वतीने कोणी मातबर गृहस्थ बोलला तर बोलला. सुधारणा पावलापावलाने झाली. १८९१ साली सभासद निवडणुकीने येऊ लागले, पण मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. १९२३ च्या सुधारणांनी सभेला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि केवळ स्त्री म्हणून मताधिकार नाकारण्याची अट काढून टाकली. आपल्याकडे औंध संस्थानाने १९३९ च्या जानेवारीत याहून धाडसी पाऊल टाकले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना जाहीर केली आणि ७२ गावांच्या त्या लहानशा संस्थानाचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभारण्यास प्रारंभ केला. या सर्व सुधारणा स्तुत्य होत्या. मात्र त्यांत एक उणीव होती. राजाने दिलेले राजाला परतही घेता येत असे.

ही उणीव २६ जानेवारी १९५० रोजी दूर झाली. राज्यघटनेने मताधिकार कोणाच्या मर्जीवर ठेवला नाही. तो प्रत्येक प्रौढ नागरिकाचा झाला, मग त्याची जमीन, शिक्षण, जात वा लिंग काहीही असो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांपैकी बहुसंख्यांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून उमेदवारांना चिन्हे देण्यात आली. त्याच वेळी एक दुःखद गोष्ट घडली. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले होते. निवडणूक आयोगाने नाव सांगितल्यावाचून नोंद करण्यास नकार दिला. कठोर वाटला तरी तो निर्णय योग्य होता. हक्क नावाने मिळतो. आणि आपले नाव उच्चारणे हे त्या हक्काबरोबर आलेले पहिले कर्तव्य होय. पुढील निवडणुकीपर्यंत यातील पुष्कळ उणीव भरून निघाली, ती घरोघर समजावून सांगितल्यामुळे.

आता आजचा कायदा पाहा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेचा सभासद. निवडणूक नाही, नेमणूक नाही, मालमत्तेची अट नाही. बेट्टदपुर असो की सातारा जिल्ह्यातील एखादी वाडी, म्हैसूरच्या १४४ मातबरांना जो मान होता, तो आज गावातील प्रत्येक मतदाराला आहे. किंबहुना त्याहून मोठा, कारण ग्रामसभेला गाऱ्हाण्यांपलीकडचेही अधिकार आहेत. योजनांचे लाभार्थी निवडणे, गावाच्या विकासकामांचा आराखडा पाहणे, झालेल्या खर्चाचा हिशेब विचारणे ही तिची कामे. कर्नाटकात तर ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभाही भरते. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे.

पण सभासद आले नाहीत तर? महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे ग्रामसभेला १०० मतदार किंवा एकूण मतदारांपैकी १५ टक्के, यांतील कमी असेल तितकी गणसंख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट उरत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी निर्णय थांबत नाही. तो आपल्यावाचून होतो. पाण्याच्या टाकीची जागा, घरकुलाच्या यादीतील नाव, शाळेच्या छताची दुरुस्ती, हे सारे चार माणसांच्या हाती जाते आणि आपण वर्षभर ओट्यावर कुरकुरत बसतो. रंगाचार्लूंच्या सभेपूर्वीचा काळ आपण स्वतःहून परत आणीत असतो.

‘माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार?’ असे काही जण म्हणतील. प्रश्न प्रामाणिक आहे. सभेत जाणारा एकटा मनुष्य बहुमत फिरवू शकणार नाही, हे खरे. पण हिशेबाची वही दाखवा असे विचारण्यास एकच माणूस पुरतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये सामान्यतः तीस दिवसांच्या आत उत्तर मागता येते. याची सुरुवात महाराष्ट्रात आधीच, २००२ च्या राज्य कायद्याने, झालेली होती. विचारणारा एक असला की उत्तर देणारा सावध होतो, आणि पुढच्या सभेला शेजारीही येतो.

हक्कांबरोबर कर्तव्ये यावीत म्हणून १९७६ साली घटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. आज त्यांची संख्या अकरा आहे. त्यांत सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आहे, आणि २००२ साली सामील झालेले, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्यही आहे. ही कर्तव्ये भाषणांपेक्षा घरातच अधिक पाळली जातात. घरपट्टी वेळेवर भरणे, सार्वजनिक नळ वाहता दिसला तर बंद करणे, मुलीला शाळेतून न काढणे, हे सारे नागरिकत्वच होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगत जीवन आपण सुरू करीत आहोत. मताची समता आपण मिळवली. तिचा वापर करून इतर विषमता कमी करण्याचे काम मात्र कोणाच्याही हुकमाने होत नाही. ते ज्याचे त्याने करावयाचे असते.

म्हणून वाचकहो, आपल्या घरात कोणी अठरा वर्षांचे होत असेल तर त्याचे, विशेषतः मुलीचे, नाव मतदारयादीत नोंदवा. गावात राहत असाल तर पुढच्या ग्रामसभेची नोटीस कोठे लागते ते पाहून ठेवा. शहरात असाल तर आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण आणि यंदा आपल्या रस्त्यासाठी किती तरतूद आहे, हे विचारा. घरातील सासू-सुनांना सोबत घ्या. १४४ जणांची सभा पाहून म्हैसूरच्या रयतेला नवल वाटले असेल. आपल्या सभेतील जागा मोकळी राहू नये, एवढी काळजी आता आपण घेतली पाहिजे.