आकाशवाटा (१४) : वळशाची वाट

भुसावळच्या एका आजींचं पत्र आलंय. लेकाकडे जायला त्या दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानात बसल्या. समोरच्या पडद्यावर बघतात तर विमान चीन-जपानच्या दिशेने! अमेरिका तर पश्चिमेला. "विमान चुकलं की काय, या धास्तीने मी चहासुद्धा घेतला नाही," असं त्या लिहितात.

आजी, विमान बरोबर होतं. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला, की सगळ्यात जवळची वाट कळते. या दोन विमानतळांमध्ये तो ताणा. तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र, अलास्का असा तो जातो आणि साधारण १२,४०० किलोमीटर भरतो. पण विमानं दोऱ्यावरून उडत नाहीत. तिबेटचंच बघा. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झटपट दहा हजार फुटांवर उतरवावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच!

म्हणून वळसा आला. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३००. म्हणजे शुद्ध द्राविडी प्राणायाम. पण पोचलं साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. भागाकार करा, ताशी हजारावर सरासरी पडते. एवढा वेग एकट्या इंजिनाचा नव्हे. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा उंचावरचा झोतवारा पाठीशी होता.

या वाऱ्याचं नाव निघालं की मला वासाबुरो ओइशी आठवतात आणि लेख भरकटतो. भरकटू दे. टोकियोच्या उत्तरेला तातेनोच्या वेधशाळेत हा माणूस १९२०च्या दशकात फुगे सोडायचा आणि थिओडोलाइटला डोळा लावून ते कुठे जातात ते टिपायचा. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर वारा ताशी अडीचशेच्या आसपास भरला. शोध केवढा मोठा! जगाने वाचावा म्हणून त्यांनी १९२६चा अहवाल लिहिला तो चक्क एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत. तेव्हा जगाने तो वाचलाच नाही. १९४४च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर गेली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे बॉम्ब भलतीकडे पडले. त्याच सुमारास जपानने बॉम्ब बांधलेले हजारो फुगे याच वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले.

तर आजी, पुढच्या वेळी चहा घ्या आणि नकाशाऐवजी पडद्यावरचा वेगाचा आकडा बघा. जपानच्या आसपास तो हजाराच्या वर गेला, की ओइशींचा वारा लागला समजा.