सर, एक एलओआर मिळेल का?

"तुझा रोल नंबर काय होता गं?"

एलओआर मागायला गेले तेव्हा आमच्या एचओडी सरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न! ज्या डिपार्टमेंटमध्ये चार वर्षं काढली, ज्याच्या फेस्टचे बॅनर स्वतःच्या हातांनी बांधले, तिथे माझी ओळख एका नंबरवर येऊन थांबली होती. मी कसंनुसं हसत नंबर सांगितला. तो ऐकूनही सरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "असं कर, ड्राफ्ट तूच करून आण. मी सही करतो."

एमएसला अप्लाय केलेल्या कुणालाही विचारा, हा डायलॉग त्यांना पाठ असतो. आणि खरं सांगू? तेव्हा मला तो ऐकून हायसंच वाटलं होतं.

नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास बसून माणूस दोनच गोष्टींचा विचार करतो, फ्लॅटचा किंवा परदेशी शिक्षणाचा. मी दुसरी गोष्ट निवडली. जीआरई दिली, एसओपी लिहिलं आणि उरलेलं किरकोळ काम म्हणून एलओआरकडे वळले. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना अशी तीन शिफारसपत्रं लागतात. एका रविवारी, चहाच्या चार कपांवर, तिन्ही पत्रं मीच लिहिली. 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', 'क्विक लर्नर'... कौतुक करताना हात आखडता घेतला नाही! तीन सरांनी ती न वाचता पुढे पाठवली.

सहा विद्यापीठं, सहा नकार.

आता सगळा दोष एलओआरवर ढकलणार नाही, माझं एसओपीही बेतास बातच होतं. पण तिकडे पीएचडी करणाऱ्या एका मित्राला ती पत्रं वाचायला पाठवली, तर त्याचा लगेच फोन. "तिन्ही तूच लिहिलीस ना?" कसं कळलं, विचारलं. म्हणाला, "तुमच्या कॉलेजच्या तिन्ही प्रोफेसरांना प्रत्येक दुसरं वाक्य 'मोअरओव्हर'ने सुरू करायची सवय आहे का?"

त्याने मग जे सांगितलं, ते मला आधीच कळायला हवं होतं. पत्रासोबत शिफारस करणाऱ्याला बऱ्याचदा एक फॉर्मही भरावा लागतो. या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, इतरांच्या तुलनेत तो कुठे बसतो, पहिल्या पाच टक्क्यांत की पंचवीस? तिथे सगळेच 'सिन्सिअर' असतात. त्यामुळे वाचणारा शोधत असतो तो एखादा प्रसंग, जो फक्त त्या शिक्षकानेच पाहिलाय. (हल्ली लोक एआयकडून ड्राफ्ट करून घेतात. इंग्रजी सुधारतं, पण जो प्रसंग घडलाच नाही तो एआय कुठून आणणार?)

आणि पत्र लांबलचक असावं लागतं असंही नाही, बरं का. १९४८ मध्ये कार्नेगी टेकच्या रिचर्ड डफिन यांनी आपल्या एका विद्यार्थ्यासाठी प्रिन्स्टनला मोजून काही ओळींचं पत्र पाठवलं होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवी घेईल आणि गणितातला जीनियस आहे, एवढाच त्याचा सारांश. तो मुलगा जॉन नॅश, पुढे १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला. आता आपण काही नॅश नाही. पण डफिननी ते स्वतःच्या भरवशावर लिहिलं होतं. माझ्याबद्दल असं काही स्वतःहून लिहू शकेल, असं कॉलेजात होतं तरी कोण?

दुसऱ्या वर्षी एचओडींचं नाव आधी खोडलं. मग एक नाव आमच्या प्रोजेक्ट गाइडचं. त्यांच्याकडे पत्र मागण्याआधी मी एक सेमिस्टर शनिवारी कॉलेजात जाऊन बी.ई.च्या दोन ग्रुप्सना प्रोजेक्टमध्ये मदत केली. हेतू स्वार्थीच होता, लपवत नाही. पण त्यातून सरांना माझ्याबद्दल ताजं काहीतरी लिहायला मिळालं. दुसरं नाव ऑफिसातल्या मॅनेजरचं. नोकरीतली काही वर्षं गाठीशी असतील तर एक पत्र तिथलं बऱ्याच ठिकाणी चालतं. आणि तिसरं नाव लिहिताना हात थबकला. मायक्रोप्रोसेसरच्या मॅडम!

थर्ड इयरला मी त्यांची जर्नल मैत्रिणीची बघून उतरवली होती. अगदी इमानदारीत, एका पानावर तिच्या रोल नंबरासकट! मॅडमनी अख्ख्या वर्गासमोर त्यावर लाल रेघ मारली. "ही तुझी नाही. सगळी प्रॅक्टिकल्स पुन्हा कर." दोन आठवडे कॉलेज सुटल्यावर मी लॅबमध्ये एकटी. बाकी सगळं उरकलं, पण स्टेपर मोटरचा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. मोटर नुसती थरथरायची, फिरायची नाही. लॅब अटेंडंट काका किल्ल्या वाजवत दारात उभे. मॅडम मात्र टेबलाशी बसून पेपर तपासत राहिल्या, उत्तर काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, दोन स्टेप्समधला डिले कमी पडत होता. तो वाढवला आणि मोटर फिरली.

गणपती झाल्यावर लगेच त्यांना भेटले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शिक्षकांच्या डोक्यावर ओरल्स असतात, पेपर असतात आणि नेमक्या तेव्हाच विद्यापीठांच्या डेडलाइन्स येतात. निदान दोन महिने आधी विचारावं. मित्राने विचारायचं कसं तेही पढवलं होतं. 'एलओआर द्याल का' असं नाही, तर 'तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं, ठाम पत्र लिहिता येईल का?' म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. कोमट पत्रापेक्षा नकार परवडला.

मॅडमनी रोल नंबर विचारला नाही. म्हणाल्या, "जर्नलवाली ना तू?"

मी मान खाली.

"लिहीन. पण जर्नलचंही लिहीन. चालेल?"

इथे एक तांत्रिक भानगड सांगायला हवी. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क आहे. अर्ज भरताना शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडायचा का, असा प्रश्न येतो. सगळे सांगतात सोडावा, कारण मग पत्रावर जास्त विश्वास बसतो. म्हणजे कॉपी केल्याची कबुली असलेलं पत्र जाणार आणि ते मला कधीच दिसणार नाही!

दोन दिवस झोप नाही. आईचं म्हणणं, "अगं, दुसऱ्या कुणाला तरी विचार." दुसरे होते की, सही द्यायला तयार असलेले. तिसऱ्या दिवशी मॅडमना मेसेज केला, "चालेल."

मग त्यांनी मला कामाला लावलं. ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, एसओपीचा ड्राफ्ट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि 'नोकरीत काय शिकलीस' यावर एक पान, स्वतःच्या शब्दांत. शिवाय पाचच विद्यापीठं, त्याहून जास्त नाहीत. त्यांचा तक्ता मी करून दिला, नाव, कोर्स, डेडलाइन. लिंक जीमेलवर नको, कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवर मागवायची, हेही त्यांनीच बजावलं. एक लिंक तरीही स्पॅममध्ये गेलीच! डेडलाइनच्या आठ दिवस आधी घाबरत घाबरत आठवण केली, तर उत्तर आलं, "चार झाली. पाचवी मिळालेली नाही."

मार्चमध्ये दोन अॅडमिट आले. या ऑगस्टमध्ये निघतेय. मॅडमनी नेमकं काय लिहिलं, ते मला आजही माहीत नाही. बातमी सांगायला फोन केला तेव्हा धीर करून विचारलं, तर त्यांनी विषयच बदलला.

"जायच्या आधी एकदा लॅबमध्ये ये. थर्ड इयरची पोरं पुन्हा जर्नल छापतायत."

या शनिवारी जातेय.