एका चुलीच्या दोन चुली

ऑक्टोबर २००४. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर चक्क गुडघे टेकले. थट्टेनंच, पण कारण खरं होतं. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ प्रोसेसर आणतो असं सांगून कंपनीनं तो रद्द केला होता.

तोवर या धंद्याचा मंत्र एकच होता, प्रोसेसरचं घड्याळ पळवा. १९७१च्या ४००४ या चिपचं घड्याळ सेकंदाला साडेसात लाखांच्या आसपास ठोके देई. २००४ अखेरच्या पेंटियम ४चं ३८० कोटी. दुकानात गेल्यावर ‘किती गिगाहर्ट्झ?’ एवढं विचारलं की आपण जाणकार ठरायचो.

आत राबणारा गाभा (कोअर) मात्र एकच. गाणं वाजतंय, टायपिंग चाललंय, प्रिंटरही कुरकुरतोय, हे सगळं एकाच वेळी घडतंय असं वाटे, पण तो देखावा होता. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक कामाला काही मिलिसेकंद देई, ते होतं तसं नोंदवून बाजूला ठेवी आणि पुढचं काढी. एका चुलीवर भात उतरवून आमटी चढवावी, आमटी उतरवून पुन्हा भात, तसं.

घात केला उष्णतेनं. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही. ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणजे एकूण हिशेब जवळपास वेगाच्या घनात जातो. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याचं व्होल्टेजही उतरे, त्यामुळे निभावत होतं. मग ते इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज उतरवण्याची सोय संपत आली. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४साठी ११५ वॅटची उष्णता बाहेर काढण्याची तजवीज करावी लागे. कॅबिनेटमधला पंखा उगाच नव्हता बोंबलत.

तोच घन उलटा वापरला की वाट सापडते. वेग वीस टक्के उतरवा. वीज जवळपास निम्म्यावर येते. उरलेल्या निम्म्या विजेत तसाच दुसरा गाभा बसवा. खर्च तेवढाच, काम मात्र एकाच्या १.६ पट, निदान कागदावर तरी. आयबीएमनं २००१मध्येच पॉवर४मध्ये एका चिपवर दोन गाभे बसवले होते, पण ते मोठ्या सर्व्हरसाठी. घरगुती संगणकात इंटेल आणि एएमडी दोघांचेही दुहेरी गाभे २००५मध्ये आले. इंटेलच्या २००६च्या कोअर २ ड्युओचं एक मॉडेल २.४ गिगाहर्ट्झ आणि ६५ वॅटचं होतं, तरी जुन्या पेंटियमला सहज मागे टाकी. सगळं श्रेय दोन गाभ्यांना देऊ नये. त्यातला प्रत्येक गाभा दर ठोक्याला जास्त कामही उरकायचा.

चुली वेगळ्या झाल्या, पण कोठार एकच राहिलं. कोअर २ ड्युओत प्रत्येक गाभ्याजवळ आकड्यांच्या प्रती ठेवणारी स्वतःची छोटी कॅश मेमरी, तर त्यापुढची मोठी कॅश दोघांत सामाईक. एका गाभ्यानं आपल्या प्रतीतला आकडा बदलला की दुसऱ्याकडची प्रत शिळी. ती रद्द करायला गाभ्यांची सतत निरोपानिरोपी चालते, ती हार्डवेअर सांभाळतं. त्यापलीकडचं मात्र प्रोग्रॅमरच्या माथी आलं. आमटीत मीठ नाही हे दोघींनी पाहिलं, दोघींनी घातलं. हा घोटाळा त्याला कुलपं लावून टाळावा लागतो. प्रोग्रॅम हजारदा चालवूनही तो दिसत नाही आणि ग्राहकापुढे हटकून दिसतो.

आणि पुरण शिजल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, मग पोळपाट-लाटणी घेऊन चौघी बसोत की चाळीस. संगणक अभियंते जीन अम्डाल यांनी १९६७मध्येच हे मांडलं होतं. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही गाभे लावा, वेग दहा पटींपुढे जात नाही. आठ गाभ्यांच्या संगणकावर व्हिडिओ बनवताना आठही गाभे कामाला लागतात. एखादा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम चालवून टास्क मॅनेजरमध्ये गाभ्यांचे आलेख पाहा. काम बहुधा एकाच गाभ्यापुरतं असतं, बाकीचे सात जवळपास गप्प.