एका नाताळगीताचा प्रवास

नाताळ आला की ‘सायलेंट नाइट’ या गीताचे सूर कानी पडतात. ते इतके सर्वांचे होऊन गेले आहे की, त्याला कोणी कर्ता असेल हे ध्यानातही येत नाही. परंतु लोकांत मिसळून गेलेले गीत वाटेत काही गमावतेही. ते काय, एवढेच आज पाहू.

मूळ कविता जर्मन. योझेफ मोर या तरुण धर्मोपदेशकाने ती १८१६ मध्ये मारियाफार या गावी लिहिली. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती, आणि त्याच वर्षी साल्झबुर्ग प्रांत ऑस्ट्रियाकडे गेला होता. पुढे मोर ओबर्नडॉर्फला आला. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने ती कविता फ्रान्त्स ग्रूबर या शाळामास्तरापुढे ठेवली आणि दोन आवाज व गिटार यांसाठी चाल मागितली. त्याच रात्री दोघांनी ती चर्चमध्ये गायिली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा मोठी गमतीची खरी. पण ग्रूबरच्या निवेदनात तिचा मागमूस नाही.

यानंतर टायरोलमधील श्ट्रासर व रायनर ही गायक-कुटुंबे हे गीत गावोगाव गाऊ लागली. रायनर मंडळींनी १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचविले. चालीतले काही स्वर बदलले, आणि गीत ‘टायरोलचे लोकगीत’ म्हणून छापले गेले. कोणी ते हायडनचेही ठरविले! १८५४ मध्ये बर्लिनच्या दरबारातून चौकशी आली, तेव्हा ग्रूबरने खरी हकीकत लिहून दिली. मोर १८४८ मध्येच वारला होता. त्याच्या हातची प्रत तर १९९५ मध्ये उजेडात आली.

नावे अशी परत मिळाली. कडवी मात्र मिळाली नाहीत. मूळची कडवी सहा. जॉन फ्रीमन यंग याने १८५९ मध्ये केलेल्या प्रसिद्ध इंग्रजी रूपांतरात तीनच उरली, आणि जर्मनमध्येही बहुधा तीनच गातात. गळालेल्या चौथ्या कडव्यात, येशू जगातील सर्व लोकसमूहांना भावाच्या मायेने कवेत घेतो, असा आशय आहे. युद्धाने पोळलेल्या काळातले ते मागणे होते.

१९१४ च्या नाताळात फ्लँडर्सच्या खंदकांतून जर्मन सैनिकांनी हेच गीत गायिले, आणि समोरच्या ब्रिटिशांनीही आपली गाणी म्हटली. काही ठिकाणी बंदुका घटकाभर थांबल्या. शब्द गळाले तरी सुरांनी त्यांचे काम केले, असे म्हणावेसे वाटते. तरीही पुढच्या नाताळात हे गीत ऐकताना, न गायिलेल्या त्या कडव्याची आठवण अवश्य ठेवावी.