आडव्या तेलविहिरीचा नेम

विहीर म्हटली की जमिनीत सरळ खाली उतरत गेलेली पोकळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पाण्याची विहीर तशीच असते, आणि खनिज तेलाच्या विहिरीही दीर्घकाळ तशाच विंधल्या जात असत. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी उत्तर डकोटा या राज्यात आज ज्या हजारो तेलविहिरी आहेत, त्यांचा मार्ग निराळा आहे. अशी विहीर प्रथम सुमारे तीन किलोमीटर खाली उतरते, मग हळूहळू वळण घेते आणि पुढे आणखी सुमारे तीन किलोमीटर जवळजवळ आडवी जाते. हा आडवा प्रवास ज्या थरातून करावयाचा, त्याची जाडी पुष्कळ ठिकाणी अवघी दहा-पंधरा मीटर असते. विहिरीचे भोक तेथे एका वितीहूनही अरुंद असते. ते पाडणारे गिरमीट कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि एवढ्या खोलीवर रेडिओच्या लहरीही पोहोचत नाहीत. असे असता ते गिरमीट इतक्या पातळ थरात कसे राखले जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खडकात अडकलेले तेल

उत्तर डकोटात खनिज तेल प्रथम १९५१ साली टायोगा या गावाजवळ सापडले. त्याच परिसरातील एका शेतकऱ्याच्या आडनावावरून तेथील एका खोल शैलसमूहाला ‘बाकेन’ हे नाव पडले. बाकेनचे मुख्यतः तीन थर आहेत. वरचा व खालचा थर काळ्या शेल खडकाचा आहे. शेल म्हणजे बारीक चिखल दाबला जाऊन तयार झालेला पापुद्र्यांचा खडक. मधला थर गाळवट आणि चुनखडीयुक्त आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. त्यातील सूक्ष्म जीवांचे अवशेष चिखलात गाडले गेले, वर साचत गेलेल्या थरांच्या भाराखाली तापले, आणि कालांतराने त्यांचे तेल झाले. काही तेल शेलमध्येच राहिले, काही लगतच्या मधल्या थरात शिरले.

मात्र हा मधला थरही अतिशय घट्ट आहे. ओल्या वाळूतून पाणी झिरपावे तसे तेल त्यातून झिरपत नाही. सरळ विहीर या थराला केवळ त्याच्या जाडीइतकी, म्हणजे दहा-पंधरा मीटरच, भिडते. तीन किलोमीटर आडवी गेलेली विहीर त्याला दोनशे ते तीनशे पट अधिक भिडते. विहीर पूर्ण झाल्यावर तिच्यात पाणी व वाळू प्रचंड दाबाने सोडून भोवतालचा खडक तडकवला जातो. दाब काढून घेतल्यावरही वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत, आणि तेल विहिरीत येऊ लागते. आडवे विंधण आणि खडक तडकवणे या दोन क्रियांची जोड बसल्यामुळे उत्तर डकोटाचे उत्पादन २०१४ साली दिवसाला दहा लाख बॅरलांच्या वर गेले. सबंध अमेरिकेचे कच्च्या तेलाचे उत्पादन २००८ मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख बॅरल होते. २०१९ मध्ये ते १ कोटी २० लाखांच्या पुढे गेले. या वाढीचा पाया अशा विहिरींनी घातला आहे.

गिरमीट वळते कसे?

विहीर वाकडी नेण्याची विद्या नवी नव्हे. टेक्सास राज्यातील कॉनरो येथे एका विहिरीचा स्फोट होऊन आग लागली होती. जॉन ईस्टमन यांनी काही अंतरावरून दुसरी, तिरपी विहीर विंधून १९३४ साली तिला आवर घातला. या विद्येचा दुरुपयोगही झाला. पूर्व टेक्सासमध्ये अनेक विहिरी गुपचूप तिरप्या नेऊन शेजाऱ्याच्या जमिनीखालचे तेल उपसले जात असल्याचे १९६२ साली उघडकीस आले. विहिरीचे तोंड कोठे आहे हे सर्वांना दिसते. तिचा तळ कोठे आहे हे मोजल्यावाचून कळत नाही, ही गोष्ट दोन्ही प्रसंगांनी ठसवली.

वळण घेण्याची युक्ती साधी आहे. पोलादी नळ्या एकीला एक जोडून त्यांची लांब माळ करतात आणि तिच्या टोकाला गिरमीट बसवतात. नळ्यांमधून सतत एक दाट चिखल खाली सोडला जातो. तो गिरमिटाला थंड ठेवतो आणि खडकाचा भुगा वर घेऊन येतो. गिरमिटाच्या मागे एक मोटर असते. या चिखलाच्या प्रवाहानेच तिचा पीळदार दांडा फिरतो. मोटरीच्या आवरणाला दीड-दोन अंशांचा किंचित बाक दिलेला असतो. सगळी माळ फिरवीत ठेवली, तर बाकाचा परिणाम चहूकडे सारखा वाटला जातो आणि विहीर साधारण सरळ जाते. माळ न फिरवता केवळ मोटर चालू ठेवली, तर ज्या दिशेला बाक असेल त्या दिशेला विहीर वळू लागते. १९९० नंतरच्या दशकात, माळ फिरत असतानाही गिरमिटाला दिशा देणारी यंत्रे प्रचारात आली.

पोलादाची नळी वाकते कशी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दर ३० मीटरला १० अंश या गतीने वळत गेल्यास सरळ उभ्या विहिरीला पूर्ण आडवे होण्यास २७० मीटरांचा मार्ग लागतो, आणि त्या वळणाची त्रिज्या सुमारे १७२ मीटर होते. एवढ्या मोठ्या वळणात साडेनऊ मीटर लांबीची एक नळी जेमतेम तीन अंश वाकते. तेवढे वाकणे पोलादाला सहज सोसते.

जागा मोजत नाहीत, बेरजेने काढतात

गिरमिटाच्या मागे, चुंबकत्व न धरणाऱ्या धातूच्या नळीत, मोजमापाची उपकरणे बसवलेली असतात. तीन त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात, आणि त्यावरून विहीर किती कललेली आहे ते कळते. तीन चुंबकत्वमापक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा ओळखतात, आणि त्यावरून ती कोणत्या दिशेला चालली आहे ते कळते. ही माहिती वर पाठवण्याचे साधन चिखलच आहे. खाली एक झडप क्षणभर चिखलाची वाट अडवते. त्यामुळे दाबाचा एक ठोका नळीतील चिखलातून काही सेकंदांत वर पोहोचतो. अशा ठोक्यांच्या सांकेतिक भाषेत आकडे येतात. ही पद्धत १९७८ च्या सुमारास व्यवहारात आली. तिचा वेग फार मंद आहे, म्हणून खालून मोजकीच माहिती मागवावी लागते.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. ही उपकरणे गिरमिटाचे स्थान सांगत नाहीत. ती केवळ कल आणि दिशा सांगतात. साधारण दर ३० मीटरांवर हे दोन आकडे घेतात, विहिरीत उतरवलेल्या नळ्यांची लांबी मोजतात, आणि एकेका तुकड्याची बेरीज करीत स्थान काढतात. किनारा दिसत नसताना जुने नाविक वेग, वेळ आणि होकायंत्र यांवरून जहाजाचे स्थान काढीत, तशातलाच हा प्रकार आहे. बेरजेबरोबर चुकीचीही बेरीज होत जाते. दिशेच्या मापात एकच अंशाची चूक सतत राहिली, तर तीन किलोमीटरांनंतर विहीर सुमारे ५२ मीटर बाजूला सरकलेली असते. कलाच्या मापात पाव अंशाची चूक राहिली, तर त्याच अंतरावर ती सुमारे १३ मीटर वर किंवा खाली असते.

अशा चुकांची कारणे अनेक आहेत. उपकरणे असलेली जड नळी आडव्या भोकात स्वतःच्या वजनाने किंचित झोळ खाते, त्यामुळे तिचा कल विहिरीच्या कलाशी तंतोतंत जुळत नाही. नळ्यांची लांब माळ भाराने आणि उष्णतेने ताणली जाते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंतर असते आणि ते स्थळकाळानुसार बदलते. सूर्यावरील वादळांनीही चुंबकीय क्षेत्र डळमळते. यांपैकी बऱ्याच गोष्टींचा हिशेब मांडून दुरुस्ती करता येते, पण चूक शून्यावर आणता येत नाही. म्हणून अभियंते विहिरीचे स्थान एका बिंदूने दाखवीत नाहीत. ‘या लंबगोलाच्या आत ती कोठेतरी आहे’ असे ते म्हणतात, आणि हा लंबगोल विहिरीच्या लांबीबरोबर वाढत जातो. तीन किलोमीटरांच्या शेवटी त्याची उंची थराच्या जाडीशी स्पर्धा करू लागते. केवळ या बेरजेवर विसंबून राहिल्यास गिरमीट थरात आहे की थराबाहेर, हे खात्रीने सांगता येणार नाही.

खडकाची साक्ष

ही उणीव खडक स्वतःच भरून काढतो. बाकेनच्या वरच्या व खालच्या काळ्या शेलमध्ये युरेनियमचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे त्यातून गॅमा किरण अधिक बाहेर पडतात. मधल्या थरातून ते कमी पडतात. गिरमिटामागच्या नळीत गॅमा किरण मोजणारे उपकरण असते. त्याचे आकडे चढू लागले, की एखादा शेल जवळ आला असे समजावे. किरण वरून अधिक येतात की खालून, हेही काही उपकरणे सांगतात. म्हणजे छत जवळ आले की तळ, याचा उलगडा होतो. शिवाय चिखलाबरोबर वर आलेला खडकाचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि चिखलात मिसळलेल्या वायूचे प्रमाण पाहतात. जवळपासच्या जुन्या उभ्या विहिरींमध्ये थरांचा क्रम पूर्वीच नोंदलेला असतो. त्या नोंदींशी नवे आकडे ताडून गिरमीट थराच्या कोणत्या पातळीवर आहे, हे भूशास्त्रज्ञ ठरवतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, थर बारा मीटर जाड आहे, गिरमीट त्याच्या मधोमध आहे आणि विहीर बरोबर आडवी चालली आहे. थराला मात्र पुढे एक अंशाचा उतार आहे. तर ३०० मीटर गेल्यावर थर ५.२ मीटर खाली गेलेला असेल, आणि गिरमीट छतापासून मीटरभरच अंतरावर आलेले असेल. विहीर आखल्या रेषेपासून तसूभरही ढळली नाही, तरी ती थराबाहेर पडण्याच्या बेतात आहे! येथे रेषा पाळणे ही अचूकता नव्हे. रेषा सोडून थराबरोबर उतरणे हीच अचूकता होय.

या कामात घाईही चालत नाही. गॅमा किरण मोजणारे उपकरण गिरमिटाच्या कित्येक मीटर मागे असते, आणि भुगा वर येण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे जी बातमी हाती येते ती गिरमिटाने मागे टाकलेल्या जागेची असते. प्रत्येक लहानसहान चढउताराला उत्तर म्हणून गिरमीट वरखाली वळवले, तर विहीर नागमोडी होते. नागमोडी विहिरीत नळ्यांचे घर्षण वाढते, पोलादी अस्तर शेवटपर्यंत उतरवणे कठीण जाते आणि खोलगट भागांत पाणी साचते. म्हणून कुशल कर्मचारी थोडे थांबून, दोन-चार आकडे पाहून, अर्ध्या-एका अंशाने कल बदलतात.

शेजारची विहीर

वर-खाली किती सरकलो हे खडक सांगतो. डावी-उजवीकडे किती सरकलो हे सांगत नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच थर पसरलेला असतो. तेथे पुन्हा चुंबकत्वमापकावरच भिस्त ठेवावी लागते. एकाच आवारातून अनेक विहिरी विंधण्याची आता रीत आहे. जमिनीवर त्यांची तोंडे काही मीटरांच्या अंतराने असतात. नवी विहीर खाली उतरताना जुन्या, तेल-वायूने भरलेल्या विहिरीच्या अस्तराला भिडली, तर स्फोटाचा आणि प्राणहानीचा धोका असतो. शेजारच्या पोलादी अस्तरामुळे तेथे चुंबकसूचीही फसते. म्हणून अशा जागी भोवरातत्त्वावर चालणारे दिशामापक वापरतात. नव्या विहिरीचा लंबगोल जुन्या विहिरीच्या लंबगोलाला शिवू लागला, की विंधण थांबवून पुन्हा मोजणी करणे आवश्यक ठरते. आपली चूक किती असू शकते याचा प्रामाणिक हिशेब येथे माणसांचे प्राण वाचवतो.

अचूकतेच्या मर्यादा

नेम उत्तम साधला म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. थरात अखेरपर्यंत राहिलेली विहीरही पहिल्या वर्षातच आपले निम्म्याहून अधिक उत्पादन गमावते, आणि उत्पादन टिकवण्यासाठी सतत नव्या विहिरी पाडाव्या लागतात. खडक तडकवण्यास पाणी फार लागते. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. वायू वाहून नेण्याची सोय नसेल तेथे तो जाळून टाकला जातो. तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो वेगळाच. गिरमिटाचा नेम या प्रश्नांची उत्तरे देत नाही.

तरीही या विद्येतून एक शास्त्रीय धडा मिळतो. आडव्या विहिरीतील उपकरणे आपले स्थान दहा-पंधरा मीटरांच्या आत खात्रीने सांगू शकत नाहीत, आणि तरीही ती विहीर तेवढ्याच जाडीच्या थरातून तीन किलोमीटर जाते. भूमितीने काढलेले स्थान आणि खडकाने दिलेली साक्ष यांची दर थोड्या अंतरावर गाठ घालून दिली जाते. एकाची चूक दुसरा दाखवून देतो. तीन किलोमीटर खोल अंधारात गिरमीट मार्गावर राहते ते या अखंड पडताळ्यामुळे.